जॉत्तोचा चुना आणि अजिंठ्याची माती

आमचे सावदा केळ्यांचे गाव. येथे चित्रकलेची गोष्ट काढली, तर ऐकणारा आधी केळ्यांचा भाव विचारील! पण मातीची भिंत म्हणजे काय, हे मात्र आम्हांला कोणी शिकवावे लागत नाही. मातीत शेण आणि भुसा कालवून गिलावा करायचा, वर चुन्याचा हात द्यायचा, ही जुन्या घरांची रीत. म्हणूनच अजिंठ्याच्या भिंती मला ओळखीच्या वाटल्या. तेथेही माती, शेण, तूस आणि वर चुन्याचा पातळ थर. तो वाळल्यावर डिंकात वा सरसात कालवलेले रंग.

इटलीतल्या जॉत्तोची तऱ्हा निराळी. पादुआच्या स्क्रोवेन्यी प्रार्थनामंदिरात १३०५ च्या सुमारास त्याने रंगवले ते ओल्या चुन्यावर. दिवसभरात रंगवून होईल तेवढ्याच भागावर गिलावा चढवायचा आणि तो ओला आहे तोवर नुसत्या पाण्यात कालवलेला रंग द्यायचा. हवेतला कर्बाम्ल वायू शोषून चुन्याचा दगड होतो; रंग त्यात पक्का धरला जातो. हात चुकला, तर गिलावा खरवडून पुन्हा लावा! निळ्या रंगाचे मात्र ओल्या चुन्याशी जमेना. तो त्याने भिंत सुकल्यावर दिला. परिणाम काय? येशूजन्माच्या चित्रात मेरीचे निळे वस्त्र बरेचसे गळून गेले आहे.

जॉत्तोच्या एका निळ्याचे जे झाले, ते भय अजिंठ्यात प्रत्येक रंगाला आहे. आणि योग पाहा, तेथली चित्रे सावरायला निजाम सरकारने बोलावले ते इटलीचेच जाणकार! लोरेन्झो चेक्कोनी आणि काउंट ओर्सिनी १९२० ते १९२२ ह्या काळात अजिंठ्यात खपले. सुटलेला गिलावा त्यांनी खडकाला पुन्हा धरवला. ते नसते, तर पुष्कळ चित्रांची आज मातीच झाली असती, असे माझे तरी मत आहे. पण चित्रांवर त्यांनी लाखेचे रोगण दिले. (लाख आपल्याच रानातली, बांगड्यांची!) रंग आधी उजळले, पुढे लाख पिवळी आणि मग तपकिरी पडली. दोष एकट्या त्यांचा नव्हे. एकोणिसाव्या शतकात नकला काढताना जॉन ग्रिफिथ्सच्या मंडळींनीही रोगण फासले होतेच.

पुढे पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांनी ते थर कापसाच्या बोळ्याने तसूतसूने काढायला घेतले. बोळा जरा जास्त फिरला, तर रोगणाबरोबर रंगही उचलून यायचा. जेथे रोगण निघाले, तेथे तपकिरीखालून अफगाणिस्तानातल्या लाजवर्दाचा निळा पुन्हा दिसू लागला.