मागचा डिरेलर निवडताना आधी दाते मोजा

बिदर सुमारे ७०० मीटर उंचीच्या जांभ्या पठारावर वसले आहे, तर कलबुर्गी सुमारे ४५० मीटरवर, काळ्या मातीच्या प्रदेशात. त्यामुळे हुमनाबादमार्गे कलबुर्गीला जाताना सायकलस्वाराला एकंदरीत उतार लाभतो. परतीची वाट मात्र चढाची ठरते. चोर्ला घाटासारखी सलग चढण येथे नसली, तरी थकलेल्या पायांना हलका गिअर हवासा वाटतो. अशा वेळी मागे ३४ दात्यांची कॅसेट बसवण्याचा मोह होतो. परंतु जुना डिरेलर ती पेलेल का, हे आधी पाहावे.

डिरेलरला दोन मर्यादा असतात : कॅसेटचे सर्वांत मोठे चक्र आणि साखळीची ढिलाई सामावण्याची क्षमता. पुढच्या दोन चक्रांच्या दात्यांतील फरक आणि कॅसेटच्या सर्वांत मोठ्या व लहान चक्रांतील फरक यांची बेरीज म्हणजे आवश्यक क्षमता. पुढे ५०-३४ व मागे ११-३४ असल्यास १६ अधिक २३, म्हणजे ३९. शिमानो '१०५' आर७००० मालिकेतील आखूड केजच्या डिरेलरची मर्यादा ३० दाते व ३५ क्षमता आहे; लांब केजची ३४ व ३९. ११-२८ कॅसेटला आखूड केज पुरते.

क्षमता अपुरी पडल्यास लहान चक्रांवर साखळी लोंबते. ती तोडून आखूड केल्यास मोठ्या चक्रांवर अतिताण येऊन डिरेलर वा हँगर मोडू शकतो. आडरस्त्यावर मग सायकल ढकलणेच उरते. शिफ्टरशी जुळणी आणि गिअरांची संख्याही तपासावी. किमतीचा विचार त्यानंतर करावा.