काळ्या आजाराचा रिपोर्ट वाचताना

ताप महिनाभर उतरत नाही. पोटात डाव्या बरगडीखाली पानथरी, म्हणजे प्लीहा, हाताला लागते. हिमोग्लोबिन घसरलंय, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेटही कमी आहेत. डॉक्टर आणखी तपासण्या सांगतात आणि रिपोर्टात 'एएनए पॉझिटिव्ह', 'आरए फॅक्टर पॉझिटिव्ह' असं छापून येतं. तेवढ्यात घरातलं कुणीतरी मोबाइलवर शोधून 'ल्युपस', म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार, हा शब्द काढतं, आणि सगळ्यांचे चेहरे उतरतात.

रुग्ण बिहारमधल्या सारणचा, किंवा झारखंडमधल्या दुमक्याचा असेल, तर मात्र थांबायला हवं. हे सगळं चित्र काळ्या आजारातही जसंच्या तसं दिसतं. ल्युपसवर दिलं जाणारं औषध या आजारात रुग्णाला आणखी खाईत लोटू शकतं. म्हणून शरीरात नेमकं काय घडतं ते आपण पहिल्यापासून क्रमाने पाहू.

सुरुवात वालुमाशीपासून. ही माशी जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची असते, मच्छरदाणीच्या नेहमीच्या जाळीतूनही आत शिरते. गोठ्याच्या आसपास, मातीच्या भिंतींच्या भेगांत ती राहते आणि फार उंच उडत नाही. सरकारी फवारणी भिंतीवर सहा फुटांपर्यंतच केली जाते ती याच कारणाने. वालुमाशी आपल्याकडेही आहे. 1965 साली नागपूरजवळच्या चांदीपुऱ्यात सापडलेला विषाणूही वालुमाश्याच पसरवतात. काळ्या आजाराचे प्रवण जिल्हे मात्र बिहार, झारखंड, पश्चिम बंगाल आणि उत्तर प्रदेश या चार राज्यांत आहेत.

माशी चावते तेव्हा लेशमॅनिया डोनोव्हानी नावाचा एकपेशीय परजीवी त्वचेत उतरतो. हे नाव दोन डॉक्टरांवरून पडलं. विल्यम लेशमन यांना कलकत्त्याजवळच्या डमडमहून परतलेल्या एका सैनिकाच्या प्लीहेत हे कण दिसले होते, तर चार्ल्स डोनोव्हान यांना मद्रासच्या रुग्णांत. दोघांनीही ते 1903 मध्ये जाहीर केलं आणि रोनाल्ड रॉस यांनी दोघांची नावं जोडून टाकली.

पुढची पायरी महत्त्वाची. आपल्या शरीरात महाभक्षक पेशी असतात. बाहेरून आलेला जंतू-कचरा गिळायचा आणि आत पचवून टाकायचा, हे त्यांचं काम. या परजीवीलाही त्या गिळतात, पण तो पचत नाही. जिथे तो मरायला हवा तिथेच शेपूट टाकून, गोल होऊन राहतो आणि वाढतो. पेशी फुटली की शेजारच्या पेशीत जातो. असं करत तो प्लीहा, यकृत आणि हाडांच्या मगजापर्यंत पोचतो. याला साधारण दोन ते सहा महिने लागतात, कधी त्याहून बराच जास्त काळ.

इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी, कारण पुढचा सगळा घोळ तिच्यातून होतो. परजीवी पेशीच्या आत बसलेला आहे. प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडी, ही रक्तात फिरणारी प्रथिनं आहेत. ती पेशीच्या आत शिरून त्याला मारू शकत नाहीत. त्याला मारायचं तर ज्या पेशीत तो बसला आहे तिलाच जागं करावं लागतं. ते काम टी पेशी करतात. त्या इंटरफेरॉन गॅमा नावाचा रासायनिक निरोप सोडतात, तो मिळाला की महाभक्षक पेशी नायट्रिक ऑक्साइडसारखी विषारी द्रव्यं बनवते आणि आतला पाहुणा संपतो. ज्यांच्यात हे वेळेवर घडतं त्यांना संसर्ग होऊनही आजार होत नाही, आणि प्रवण गावांत अशी माणसं आजारी पडणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त असतात.

मग आजारी पडणाऱ्याचं काय बिनसतं? इंटरफेरॉन गॅमा त्याच्यात बनतच नाही, असं बरीच वर्षं मानलं जाई. उंदरांवरच्या प्रयोगांत चित्र तसं स्वच्छ दिसत होतं. माणसात ते तसं नाही. रुग्णाच्या रक्तात इंटरफेरॉन गॅमा चांगला वाढलेला सापडतो, पण त्याच्या जोडीला इंटरल्युकिन-10 नावाचं शांत करणारं द्रव्यही भरपूर असतं. एकीकडून 'मार' असा निरोप जातो आणि दुसरीकडून 'राहू दे' असा. महाभक्षक पेशी दुसऱ्याचं ऐकते. त्वचेत परजीवीचे मृत अंश टोचून करायची एक जुनी चाचणी आहे, 1926 मध्ये ब्राझीलच्या मॉन्टेनेग्रो यांनी सांगितलेली. ऐन आजारात ती निगेटिव्ह येते आणि रुग्ण बरा झाल्यावर पॉझिटिव्ह होते, ती यामुळेच.

टी पेशी अशा अडकलेल्या असताना प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी पेशी मात्र सुसाट सुटतात. नेहमीच्या संसर्गात त्या जंतूला ओळखणाऱ्या बी पेशीच जाग्या होतात. इथे सरसकट सगळ्याच जागवल्या जातात. रक्तात आयजीजी या जातीच्या प्रतिपिंडांचा पूर येतो, आणि त्यातल्या बहुतेकांचा या परजीवीशी काही संबंध नसतो.

हा पूर आपल्याला साध्या रिपोर्टातही दिसतो. यकृताच्या तपासणीत अल्ब्युमिन आणि ग्लोब्युलिन अशा दोन ओळी असतात. निरोगी माणसात अल्ब्युमिन साधारण साडेतीन ते पाच ग्रॅम आणि ग्लोब्युलिन त्याहून कमी असतं. काळ्या आजारात हे प्रमाण उलटतं: ग्लोब्युलिन वर आणि अल्ब्युमिन खाली. या ओळीकडे फार कमी लोक बघतात.

पूर्वी कलकत्त्याच्या दवाखान्यांत हीच उलटापालट डोळ्यांनी पाहायची एक सोपी युक्ती होती, नेपियर यांची अल्डिहाइड चाचणी. रुग्णाच्या रक्तातला पिवळसर स्वच्छ द्रव, म्हणजे सीरम, सुमारे एक मिलिलिटर काचेच्या नळीत घ्यायचा. त्यात फॉर्मॅलिनचे एक-दोन थेंब टाकून नळी हलवायची आणि उभी ठेवायची. चाचणी ठळक पॉझिटिव्ह असेल तर वीस मिनिटांच्या आत सीरम घट्ट होतं आणि उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखं अपारदर्शक दिसतं. नळी उलटी केली तरी सांडत नाही. खर्च जवळजवळ नाही, सूक्ष्मदर्शक नको. पण आजार होऊन दोन-तीन महिने झाल्याशिवाय ती पॉझिटिव्ह होत नसे, आणि ग्लोब्युलिन वाढवणाऱ्या दुसऱ्या आजारांतही होत असे. चाचणी सुंदर होती, पण निदान तिच्या भरवशावर सोडणं बरोबर नव्हतं.

आता स्वप्रतिपिंडं. आपल्याच शरीराच्या घटकांवर चिकटणारी प्रतिपिंडं, म्हणजे ऑटोअँटिबॉडी. अशी थोडी प्रतिपिंडं बनवू शकणाऱ्या बी पेशी आपल्या सगळ्यांत असतात, पण त्या दबून असतात. सरसकट जागवण्याच्या धांदलीत त्याही जाग्या होतात. हे पहिलं कारण. दुसरं असं की प्लीहेत आणि इतरत्र पेशी मोठ्या प्रमाणावर फुटतात, आणि एरवी झाकलेले केंद्रकातले घटक उघड्यावर येतात. तिसरं थोडं गमतीचं आहे: हिस्टोन, ट्युब्युलिन यांसारखी काही प्रथिनं उत्क्रांतीत फारशी बदललेली नाहीत, त्यामुळे परजीवीची आणि आपली एकमेकांच्या जवळची आहेत. परजीवीवर रोखलेलं प्रतिपिंड आपल्यावरही चिकटू शकतं.

रिपोर्टात हे वेगवेगळ्या नावांनी येतं. एएनए म्हणजे पेशीच्या केंद्रकाविरुद्धची प्रतिपिंडं. आरए किंवा ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर म्हणजे प्रतिपिंडांविरुद्धचीच प्रतिपिंडं. कूम्ब्स चाचणी तांबड्या पेशींना चिकटलेली प्रतिपिंडं दाखवते. 'स्मूथ मसल' ही अनैच्छिक स्नायूंविरुद्धची. प्रतिपिंड आणि त्याचं लक्ष्य यांच्या जोडगोळ्या रक्तात फिरतात, मूत्रपिंडाच्या गाळणीत अडकतात, मग लघवीत थोडी प्रथिनं जातात. कॉम्प्लिमेंट हे रक्तातलं संरक्षक द्रव्यही कमी झालेलं दिसू शकतं. ल्युपसची यादी एकेक करून भरत जाते.

सगळ्यात महागात पडणारी चूक इथेच होते. यादी भरली म्हणून ल्युपसवरचं औषध, म्हणजे स्टेरॉइड, सुरू होतं. दोन-तीन दिवस ताप उतरतो, रुग्णाला भूक लागते, घरचे सुटकेचा श्वास टाकतात. आत मात्र आधीच अडकलेल्या टी पेशी आणखी दबतात आणि परजीवीला रान मोकळं मिळतं. ग्रीस, इटली, स्पेन या भूमध्य समुद्राकाठच्या देशांतूनही ल्युपस समजल्या गेलेल्या अशा रुग्णांच्या नोंदी आहेत. तिथे याच कुळातला दुसरा परजीवी हा आजार देतो. यकृताची एन्झाइम्स वाढलेली आणि 'स्मूथ मसल' पॉझिटिव्ह असेल, तर यकृताचा स्वयंप्रतिकार आजार समजूनही अशीच चूक होते. उलटही घडतं: रुग्णाला खरोखरच ल्युपस असतो, त्यावरची प्रतिकार दाबणारी औषधं चालू असतात, त्यात काळा आजार होतो आणि त्याला ल्युपसचाच नवा झटका समजलं जातं.

मग ओळखायचं कसं? पहिली पायरी कागदाची पट्टी, आरके-39. बोटातून रक्ताचा थेंब घेऊन पट्टीवर लावतात, द्रावणाचे थेंब टाकतात आणि सांगितलेल्या वेळेत वाचतात. नियंत्रण रेघ उमटायलाच हवी. नाही उमटली तर ती पट्टी बाद. दुसरी रेघ पुसट असली तरी पॉझिटिव्हच धरायची. पुष्कळजण ती 'नाहीच' म्हणून सोडून देतात.

पण ही पट्टीही प्रतिपिंडंच शोधते. त्यामुळे तिच्या तीन मर्यादा आपण लक्षात ठेवाव्यात. रुग्ण बरा झाल्यावरही ती काही वर्षं पॉझिटिव्ह राहते, म्हणून पूर्वी काळा आजार होऊन गेलेल्याला पुन्हा ताप आला तर ती उपयोगाची नाही. प्रवण गावातल्या धडधाकट माणसांतही काहींची ती पॉझिटिव्ह येते, म्हणून दोन आठवड्यांवरचा ताप आणि वाढलेली प्लीहा यांच्या सोबतच ती वाचायची. आणि एचआयव्ही असलेल्याचं शरीर पुरेशी प्रतिपिंडं बनवत नाही, तिथे ती निगेटिव्ह येऊन फसवू शकते.

शंका उरली तर परजीवी डोळ्यांनी पाहावा लागतो. प्लीहेतून सुईने घेतलेल्या नमुन्यात तो सर्वांत खात्रीने सापडतो, पण रक्तस्रावाचा धोका असल्याने ते अनुभवी हातांचं काम आहे. हाडाच्या मगजाचा नमुना जास्त सुरक्षित, पण त्यात काही रुग्ण निसटतात. मगज तपासायला दिला असेल तर चिठ्ठीवर 'लेशमॅनिया शोधावा' असं स्पष्ट लिहून घ्यावं.

उपचार आता बराच सोपा झाला आहे. लायपोसोमल अँफोटेरिसिन बी, म्हणजे चरबीच्या सूक्ष्म गोळ्यांत बसवलेलं औषध, वजनाच्या दर किलोला 10 मिलिग्रॅम या हिशेबाने शिरेतून एकदाच दिलं जातं. ताप काही दिवसांत जातो, प्लीहा आणि हिमोग्लोबिन सावकाश ताळ्यावर येतात. एएनए, आरए वगैरेंचे आकडेही पुढच्या काही महिन्यांत खाली येतात, वेगळं औषध न घेता. आले नाहीत, किंवा सांधे आणि त्वचेच्या तक्रारी उरल्या, तर मग स्वयंप्रतिकार आजाराचा शोध नव्याने घ्यावा.

बरं झाल्यावर काही महिन्यांनी किंवा वर्षांनी चेहऱ्यावर, अंगावर फिकट चट्टे उठले, तर ते काळ्या आजारानंतरचे त्वचेचे चट्टे असू शकतात. उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनी 1922 मध्ये त्यांचं वर्णन केलं होतं. परजीवी तिथे त्वचेत मुक्काम करून असतो आणि वालुमाशी त्याला उचलू शकते. हे चट्टे कुष्ठरोगाचे समजले जातात. फरक असा की कुष्ठाच्या चट्ट्यात सहसा बधिरपणा असतो, यांत नसतो. रुग्णाला काही दुखत-खुपत नाही, म्हणून तो दवाखान्यात जात नाही.

मुंबई, ठाणे, पुणे, नाशिकच्या बांधकामांवर आणि कारखान्यांत या चार राज्यांतली माणसं काम करतात, सुटीत गावी जाऊन येतात. इथल्या डॉक्टरांना हा आजार रोज दिसत नाही. म्हणून आपल्या ओळखीच्या कुणाला दोन आठवड्यांहून जास्त ताप असेल आणि पोट डावीकडे फुगलं असेल, तर त्याचं गाव, जिल्हा आणि शेवटचं जाणं केव्हा झालं, हे कागदावर लिहून डॉक्टरांच्या हाती द्या. स्टेरॉइडची पहिली गोळी सुरू होण्याआधी काळ्या आजाराची तपासणी झाली का, एवढं विचारा.