वाटेत थांबलेली मूत्रपिंडे

माणसाची दोन्ही मूत्रपिंडे पोटाच्या मागच्या भिंतीला टेकून, पाठीच्या कण्याच्या दोन बाजूंना, साधारणपणे छातीच्या शेवटच्या मणक्यापासून कमरेच्या तिसऱ्या मणक्यापर्यंतच्या उंचीवर असतात, हे शालेय पुस्तकातील आकृतीमुळे बहुतेकांना ठाऊक असते. पण मूत्रपिंडे जिथे दिसतात तिथे ती मुळात तयार झालेलीच नसतात, ही गोष्ट त्या आकृतीतून कळत नाही. गर्भावस्थेच्या पाचव्या आठवड्याच्या सुमारास त्यांची घडण सुरू होते ती ओटीपोटाच्या तळाशी, आणि पुढच्या सुमारे चार आठवड्यांत ती कमरेपर्यंत वर सरकतात. हे सरकणे काही अंशी भासमान असते, कारण गर्भाच्या शरीराचा खालचा भाग झपाट्याने वाढत व सरळ होत जातो आणि त्यामुळे मूत्रपिंडांची जागा आपोआप वर जाते. या वाटचालीत प्रत्येक मूत्रपिंड सुमारे ९० अंशांनी वळते, म्हणून रक्तवाहिन्या आणि मूत्रवाहिनी जिथून आतबाहेर होतात ती आरंभी समोर असलेली खाच शेवटी मध्यरेषेकडे तोंड करते. रक्तपुरवठाही टप्प्याटप्प्याने बदलतो. जुन्या धमन्या विरून जातात आणि महाधमनीतून अधिकाधिक वरच्या पातळीवर नव्या शाखा फुटतात.

इतक्या गुंतागुंतीच्या प्रवासात कुठेतरी अडथळा येणे नवलाचे नाही. उलट बहुतेकांच्या बाबतीत तो सुरळीत पार पडतो, हेच विलक्षण म्हणावे लागेल. जोडल्या गेलेल्या मूत्रपिंडांचा सर्वाधिक आढळणारा प्रकार म्हणजे घोड्याच्या नालेच्या आकाराचे मूत्रपिंड. साधारणपणे ४०० ते ६०० व्यक्तींमागे एकात, आणि स्त्रियांपेक्षा पुरुषांत अधिक प्रमाणात, तो दिसतो. दोन्ही मूत्रपिंडे अगदी जवळ असताना त्यांची टोके, दहापैकी नऊहून अधिक वेळा खालची, एकमेकांना चिकटतात आणि महाधमनीच्या पुढून जाणारा एक पूल तयार होतो. हा पूल कधी मूत्र तयार करणाऱ्या ऊतींचा असतो, तर कधी नुसत्या तंतूंचा. जोडी वर सरकू लागते तेव्हा मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाला रक्त पुरवणारी, महाधमनीच्या पुढच्या बाजूने फुटणारी धमनी वाटेत आडवी येते. खुंटीला दावे अडकावे तसा हा पूल तिच्याखाली अडकतो आणि चढण तिथेच संपते. वळणेही अपुरे राहिल्यामुळे मूत्रवाहिन्या समोरून निघून त्या पुलावरून खाली उतरतात. मूत्राचा निचरा रेंगाळतो आणि त्यातून मुतखडा, जंतुसंसर्ग किंवा मूत्रपिंडाची सूज उद्भवू शकते, तरीही अशा अनेक व्यक्ती कोणत्याही त्रासाविना जगतात आणि भलत्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत ही रचना प्रथम लक्षात येते. टर्नर सिंड्रोममध्ये, म्हणजे स्त्रीमध्ये एका एक्स गुणसूत्राचा पूर्ण किंवा अंशतः अभाव असताना, तिचे प्रमाण लक्षणीय असते.

याहून दुर्मीळ प्रकारात एक मूत्रपिंड मध्यरेषा ओलांडून दुसऱ्याच्या बाजूला जाते आणि बहुधा त्याला जोडले जाते. डावे मूत्रपिंड उजवीकडे जाण्याचे प्रमाण अधिक आहे. एका कुशीत दोन्ही मूत्रपिंडे आणि दुसरी कूस रिकामी, अशी ही स्थिती असते. मात्र स्थलांतरित मूत्रपिंडाची मूत्रवाहिनी पुन्हा मध्यरेषा ओलांडून मूत्राशयात आपल्या मूळ बाजूलाच उघडते, आणि मूत्रपिंडाचे मूळ घर कोणते होते याचा तो पुरावाच असतो. रिकाम्या कुशीतही एक खूण उरते. मूत्रपिंडावर टोपीसारखी बसणारी अधिवृक्क ग्रंथी वेगळ्या ऊतींपासून घडते, त्यामुळे मूत्रपिंड तिथे पोहोचले नाही तरी ती आपल्या जागीच राहते. फक्त खालून आधार नसल्यामुळे चपटी व लांबट होते. मूत्रपिंड छातीच्या पोकळीत चढल्याची उदाहरणेही आहेत, पण ती फारच विरळा.

ओटीपोटातच राहून गेलेल्या मूत्रपिंडाची दखल मात्र अधिक गांभीर्याने घ्यायला हवी. सुमारे २,००० ते ३,००० व्यक्तींमागे एकात आढळणारे हे मूत्रपिंड आकाराने लहान आणि वेडेवाकडे असते, त्याला रक्त जवळच्याच धमन्यांकडून मिळते, आणि तपासणाऱ्याच्या हाताला ते गाठीसारखे लागते. प्रतिमातंत्र आजच्याइतके प्रगत नव्हते तेव्हा अशा गाठीला अर्बुद समजून शस्त्रक्रियेत ती काढून टाकल्याचे, आणि ते त्या व्यक्तीचे एकमेव मूत्रपिंड निघाल्याचे प्रसंग वैद्यकीय साहित्यात नोंदलेले आहेत. आज सोनोग्राफीत कमरेच्या नेहमीच्या जागी मूत्रपिंड दिसले नाही, तर ते जन्मतःच नाही असा निष्कर्ष काढण्यापूर्वी ओटीपोट नीट पाहिले जाते, आणि शंका उरल्यास किरणोत्सारी द्रव्याची अल्प मात्रा शिरेतून देऊन डीएमएसए स्कॅन केला जातो. ते द्रव्य मूत्रपिंडाच्या कार्यक्षम ऊतींत साठत असल्यामुळे मूत्रपिंड कुठेही दडलेले असले तरी पडद्यावर उजळून दिसते.