गळाच्या काठीसाठी घोडी कशी निवडावी?

मुंबईत वरळी कोळीवाड्याच्या टोकाशी, किल्ल्याच्या पायथ्याला किनारा खडकाळ आहे. तेथे टोकदार दांडी जमिनीत रोवून तिच्यावर गळाची काठी टेकविता येत नाही. गोड्या पाण्याच्या तलावावर, दगड बसविलेल्या बांधावरून कटला, रोहू व मृगळ धरणाऱ्यांसही हीच अडचण येते. आधार डळमळीत असल्यास मोठा मासा लागताच काठी पाण्यात ओढली जाते, आणि ती ओढीत फिरणारा मासाही दगावण्याचा संभव असतो.

मऊ मातीत रोवलेली दांडी पुरेशी होय. कठीण जागी मात्र पायांची घोडी घ्यावी. तीन पायांची घोडी उंचसखल जमिनीवरही डगमगत नाही. परंतु बाजूच्या ओढीने ती लवकर कलंडते. चार पायांची घोडी अधिक भक्कम असते. मात्र तिचा प्रत्येक पाय स्वतंत्रपणे लांब-आखूड करता आला पाहिजे. अशी एकच घोडी खडक, बांध व माती या तिन्ही ठिकाणी उपयोगी पडते.

विकत घेण्यापूर्वी घोडी उभी करून, काठी ठेवून पुढे व बाजूस ओढून पाहावी. वारा असल्यास ती बुटकी ठेवून मध्यभागी दगडांची पिशवी टांगावी. काठीचे टोक दोराच्या रोखाने ठेवावे आणि ओढीसरशी दोर सुटेल इतके रीळ सैल असावे. खाऱ्या हवेत लोखंड गंजते. म्हणून वापरानंतर घोडी गोड्या पाण्याने धुऊन कोरडी करावी.

काठी कितीही किमती असली, तरी तिचे रक्षण घोडीच करते.