चोवीस तासांचा हिशेब

महाड-पोलादपूरच्या गावांत कायद्याविषयी बोलायला गेलो की एक प्रश्न हमखास येतो. "मुंबईला कामाला असलेल्या पोराला पोलिसांनी उचललं, तर आम्ही इथे बसून करायचं काय?"

बेकायदा कोठडीविरुद्ध युरोपातला माणूस शेवटी स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयात जाऊ शकतो. १९५९ साली ते स्थापन झालं. १९८८ साली ब्रोगन खटल्यात त्याने ब्रिटनला दोषी धरलं. दहशतवादाच्या संशयावरून पकडलेल्या चौघांना न्यायाधीशापुढे उभं केलंच नव्हतं. त्यांतली सर्वांत कमी कोठडी होती चार दिवस आणि सहा तास. तीही जास्त ठरली.

आशियाला असं न्यायालय नाही. पण आपली मर्यादा अधिक कडक आहे: चोवीस तास. घटनेच्या कलम २२ मध्ये ती आहे. या कलमाचा मसुदा १५ सप्टेंबर १९४९ रोजी घटना समितीत मांडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. चवदार तळ्याचा १९२७ चा सत्याग्रह आणि त्यानंतर १९३७ पर्यंत चाललेला दावा महाडकरांना ठाऊक आहे. हक्क असून भागत नाही, तो कोर्टातही टिकवावा लागतो, हे बाबासाहेबांनी इथेच अनुभवलं होतं.

हे चोवीस तास मोजायचे कसे? प्रवासाचा आवश्यक वेळ वगळून, अटकेपासून. "अटक नाही, नुसतं चौकशीला बसवलंय" असं उत्तर मिळतं. पण माणसाला उठून जाता येत नसेल तर ती अटकच; वहीत वेळ कधीची लिहिली यावर ते ठरत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने स्पष्ट केलेलं आहे. अटकेची खबर नातेवाइकाला देणं पोलिसांवर बंधनकारक आहे. प्रतिबंधक स्थानबद्धतेचे नियम मात्र वेगळे आहेत.

मुदत उलटली तर उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पस, म्हणजे 'त्या माणसाला आमच्यापुढे हजर करा' असा अर्ज करता येतो. कोठडीतल्या माणसाच्या वतीने आई, भाऊ, मित्रही तो करू शकतात. आणीबाणीत, १९७६ साली, सर्वोच्च न्यायालयाने हा दरवाजा बंद केला होता. तो निकाल २०१७ साली रद्दबातल ठरला. बिहारचे रुदुल साह निर्दोष सुटूनही चौदा वर्षं तुरुंगात राहिले. १९८३ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना भरपाई दिली, पण गेलेली वर्षं कोण देणार?

म्हणून पहिला दिवस महत्त्वाचा. कुठून, किती वाजता, कोणत्या ठाण्याच्या पोलिसांनी नेलं, कोणी पाहिलं, हे लगेच लिहून ठेवा. वकिलाला पैसे नसतील तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. साहेबांकडे रदबदलीला माणूस शोधण्यात हे चोवीस तास घालवू नका.