जोडीने लांब धावणे : गैरसमज आणि वस्तुस्थिती

अर्धमॅरेथॉन २१.०९७५ किलोमीटरची आणि मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची असते. त्यापलीकडच्या सगळ्या अंतरांना अल्ट्रा म्हणतात. नवख्या पण निरोगी माणसाला अर्धमॅरेथॉनच्या तयारीला तीन-चार महिने लागतात. पूर्ण मॅरेथॉनसाठी आधी काही महिने नियमित धावलेले असावे आणि त्यानंतर सोळा ते वीस आठवडे पद्धतशीर सराव करावा. एवढा काळ घरातल्या एकाने पहाटे उठून जायचे आणि दुसऱ्याने मागे राहायचे, यापेक्षा पती-पत्नीने मिळून तयारी करणे अनेकांना सोपे जाते. ठरलेली वेळ पाळली जाते, आळसाला जागा उरत नाही आणि अंधारात एकट्याने बाहेर पडावे लागत नाही.

वऱ्हाडात व्यायामाची परंपरा जुनी आहे. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ मध्ये सुरू झाले आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने तेथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके केली. तरीही जोडीने लांब धावण्याबद्दल काही समजुती घट्ट बसलेल्या आहेत. त्यांतल्या काही निरुपद्रवी आहेत, काही मात्र दुखापतीपर्यंत किंवा जिवावरच्या प्रसंगापर्यंत नेऊ शकतात.

गैरसमज १ : जोडीने धावायचे म्हणजे दोघांनी एकाच गतीने धावायचे

वस्तुस्थिती : सराव एकत्र होऊ शकतो, गती मात्र प्रत्येकाची आपापली असते. एकाची सहज गती किलोमीटरला साडेसहा मिनिटे आणि दुसऱ्याची साडेसात मिनिटे असेल, तर अठरा किलोमीटरच्या धावेत दोघांमध्ये अठरा मिनिटांचे अंतर पडते. हे अंतर मिटवण्यासाठी मागच्याने रोज ओढून धावले, तर पुढच्याची सहज धाव मागच्यासाठी रोजची परीक्षा ठरते. स्नायूंना सावरायला वेळ मिळत नाही आणि पिंढरी, नडगी किंवा टाच दुखू लागते. पुढच्याने कायम गती कमी ठेवली, तर त्याच्या वेगाच्या सरावाला वावच राहत नाही.

यावर सोपे उपाय आहेत. पहिला उपाय वेळेवर धावण्याचा. दोघांनी एकाच जागेवरून निघावे, पंचेचाळीस मिनिटे झाली की जिथे असतील तिथून मागे वळावे. दोघांनी आपली गती कायम राखली, तर ते जवळपास एकाच वेळी परततात. अंतर मात्र ज्याचे त्याचे असते. दुसरा उपाय फेऱ्यांचा. अकोल्यातील डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या परिसरासारख्या जागी किंवा एखाद्या मैदानावर दोघे आपापल्या गतीने फेऱ्या मारतात आणि पाण्याच्या बाटलीपाशी भेटतात. तिसरा उपाय असा : एकाचा हलक्या धावेचा दिवस आणि दुसऱ्याचा जरा जोराच्या धावेचा दिवस जुळवून घ्यावा. त्या दिवशी खरोखरच सोबत धावता येते.

एका घरात दोन वेगळे सराव यशस्वी होऊ शकतात, याचे मोठे उदाहरण चेकोस्लोव्हाकियाच्या एमिल आणि दाना झाटोपेक या दांपत्याचे. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये एमिलने ५,००० मीटर, १०,००० मीटर आणि मॅरेथॉन अशी तीन सुवर्णपदके जिंकली. ज्या दुपारी त्याने ५,००० मीटरची शर्यत जिंकली, त्याच दुपारी दानाने भालाफेकीचे सुवर्ण मिळवले.

गैरसमज २ : बाईच्या शरीराला लांब पल्ला झेपत नाही

वस्तुस्थिती : ही समजूत एके काळी क्रीडासंस्थांचीही होती. १९६७ मध्ये कॅथरीन स्वित्झर बिब (स्पर्धकाच्या क्रमांकाची पट्टी) लावून बोस्टन मॅरेथॉन धावत असताना एका अधिकाऱ्याने तिला रस्त्यातच बाहेर ओढण्याचा प्रयत्न केला. सोबत धावणाऱ्या तिच्या मित्राने त्याला बाजूला ढकलले आणि तिने शर्यत पूर्ण केली. बोस्टनने स्त्रियांना अधिकृत प्रवेश दिला तो १९७२ मध्ये. ऑलिम्पिकमध्ये स्त्रियांची मॅरेथॉन आली ती १९८४ मध्ये. महाराष्ट्राच्या कविता राऊतने २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्यपदक मिळवले, तर माणदेशातून आलेली ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये ३,००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली.

स्त्री आणि पुरुष यांच्या सर्वोत्तम वेळांत साधारण आठ ते दहा टक्क्यांचा फरक असतो. हृदयाचा आकार, रक्तातील हिमोग्लोबिन आणि शरीरातील चरबीचे प्रमाण ही त्याची मुख्य कारणे आहेत. तो फरक वेगाचा आहे, क्षमता असण्या-नसण्याचा नाही. शिवाय तो सर्वोत्तम खेळाडूंमधला आहे. एखाद्या घरात पत्नी पतीपेक्षा वेगवान असणे अगदी स्वाभाविक आहे. मोठ्या मॅरेथॉनच्या निकालांचा अभ्यास असे दाखवतो, की हौशी धावपटूंमध्ये स्त्रिया उत्तरार्धात पुरुषांपेक्षा कमी मंदावतात. सुरुवातीची गती त्या अधिक जपून ठेवतात. जोडीत गतीचे नियंत्रण कोणाकडे द्यावे, हे ठरवताना ही बाब उपयोगी पडते.

दोन गोष्टींकडे मात्र लक्ष हवे. पहिली रक्तक्षयाची. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांमध्ये आणि २५ टक्के पुरुषांमध्ये रक्तक्षय आढळला. थोड्या धावेतच धाप लागत असेल, तर दोष सरावाचा की रक्ताचा हे आधी तपासून घ्यावे. दुसरी गोष्ट पाळीची. सराव वाढल्यावर पाळी लांबली किंवा बंद झाली, तर ते तंदुरुस्तीचे लक्षण नव्हे. खर्चाच्या मानाने अन्न कमी पडत असल्याची ती खूण असू शकते आणि पुढे हाडे ठिसूळ होण्याचा धोका असतो. अशा वेळी डॉक्टरांचा सल्ला टाळू नये.

गैरसमज ३ : धावल्याने गुडघे झिजतात

वस्तुस्थिती : २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक आढाव्यात हौशी धावपटूंपैकी ३.५ टक्के लोकांना गुडघ्याचा किंवा खुब्याचा संधिवात आढळला. न धावणाऱ्या, बैठी राहणी असलेल्यांमध्ये हे प्रमाण १०.२ टक्के होते. स्पर्धात्मक पातळीवर वर्षानुवर्षे धावणाऱ्यांमध्ये ते १३.३ टक्क्यांपर्यंत गेले. म्हणजे बेताने धावण्याने गुडघे बिघडतात, या समजुतीला या आकड्यांतून आधार मिळत नाही. गुडघेदुखी बहुतेकदा येते ती अंतर एकदम वाढवल्याने, कमकुवत मांड्या-नितंबांमुळे आणि विश्रांती टाळल्याने. आठवड्यातून दोनदा उठाबशा, पायऱ्या आणि टाचा उचलण्याचे व्यायाम केले, तर सांध्यांना आधार मिळतो. आधीच दुखापत झालेल्या किंवा सुजलेल्या गुडघ्यावर मात्र तपासणीशिवाय धावू नये.

गैरसमज ४ : रोज दम लागेपर्यंत पळाले तरच तयारी होते

वस्तुस्थिती : लांब पल्ल्याच्या सरावातील बहुतांश धावणे सहज गतीचे असते, अनुभवी धावपटूंच्या सरावात हा वाटा चार-पंचमांशाच्या आसपास असतो. सहज गतीची खूण म्हणजे धावता धावता पूर्ण वाक्य बोलता येणे. सोबत बोलायला माणूस असल्याने ही कसोटी जोडीला आपोआप मिळते : एकाची उत्तरे तुटक होऊ लागली, की गती कमी करायची. आठवड्यात एक लांब धाव, एक वेगाचा सराव, दोन-तीन हलक्या धावा आणि किमान एक पूर्ण विश्रांती एवढे हौशी धावपटूला पुरते. मॅरेथॉनच्या आधीचे दोन-तीन आठवडे अंतर कमी करत न्यायचे असते.

मधे चालणे म्हणजे हार, हाही यातलाच एक समज. १९७२ च्या ऑलिम्पिकमध्ये धावलेले जेफ गॅलोवे यांनी ठरावीक वेळ धावून थोडे चालण्याची पद्धत रूढ केली आणि असंख्य लोकांनी तिच्या आधारे मॅरेथॉन पूर्ण केल्या. वऱ्हाडाला पायी लांब जाण्याचे नवल नाही. अकोल्याहून शेगावला पायी वारी करणारे आणि श्रावणात गांधीग्रामच्या पूर्णेचे पाणी कावडीने राजराजेश्वराला आणणारे लोक हेच सांगतात : मोठे अंतर कापायला वेगापेक्षा सातत्य लागते.

गैरसमज ५ : उन्हाची सवय असलेल्या वऱ्हाडी माणसाला ऊन बाधत नाही

वस्तुस्थिती : मे महिन्यात अकोला आणि अमरावती येथे पारा ४२ अंशांच्या वर राहतो आणि अनेकदा ४५ ओलांडतो. धावताना खर्च होणाऱ्या ऊर्जेचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग उष्णतेत बदलतो. ती बाहेर टाकण्याचा मुख्य मार्ग घाम हाच. उन्हात हळूहळू सराव वाढवला, तर दहा ते चौदा दिवसांत घाम लवकर सुटू लागतो आणि रक्तातील द्रव वाढतो. एवढी जुळवणी शरीर नक्की करते, पण तिला मर्यादा आहे. उन्हाळ्यात सूर्य वर येण्याआधी धाव संपवावी, अंतर आणि गती दोन्ही कमी ठेवावीत. लांब सरावाचा खरा हंगाम पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून थंडीपर्यंतचा आहे. मुंबई मॅरेथॉन जानेवारीत असते. तिची अठरा आठवड्यांची तयारी सप्टेंबरच्या मध्याला सुरू होते. नवरात्र आणि दिवाळी त्यातच येतात, हे धरूनच वेळापत्रक आखावे.

धावताना कोणी असंबद्ध बोलू लागला, तोल जाऊ लागला किंवा बेशुद्ध पडला, तर तो उष्माघात असू शकतो. तेव्हा त्याला सावलीत नेऊन अंगावर भरपूर गार पाणी ओतणे आणि १०८ ला फोन करणे, हे दोन्ही लगेच करावे. बोलण्यातला बदल सोबत्यालाच आधी कळतो, हा जोडीने धावण्याचा मोठा फायदा आहे.

पहाटेच्या काळोखात वेगळीही काळजी हवी. अमरावतीला लागून पोहरा-मालखेडचे जंगल आहे आणि वडाळी-छत्री तलावाच्या बाजूला बिबट्याचा वावर असतो. त्या रस्त्यांवर उजाडल्याशिवाय जाऊ नये. महामार्गावर समोरून येणारी वाहने दिसतील अशा बाजूने, एकामागे एक धावावे.

गैरसमज ६ : पाणी जितके जास्त तितके चांगले

वस्तुस्थिती : पाणी कमी पडणे जसे वाईट, तसेच गरजेपेक्षा जास्त पिणेही. नुसते पाणी फार प्यायले, तर रक्तातील सोडियमचे प्रमाण घसरते. डोकेदुखी, मळमळ, गोंधळलेपणा येतो आणि प्रसंग जिवावर बेततो. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्के लोकांमध्ये सोडियम कमी आढळले होते. धोका जास्त असतो तो चार तासांहून अधिक वेळ धावणाऱ्यांना, म्हणजे जोडीतल्या मागच्या धावपटूला. तहान लागेल तसे प्यावे, लांब धावेत मीठ-साखर असलेले पेय किंवा ओआरएस ठेवावे. धावेच्या आधी आणि नंतर वजन केले, तर अंदाज येतो. वजन वाढले असेल, तर पाणी जास्त झाले.

गैरसमज ७ : महागड्या पावडरींशिवाय धावता येत नाही

वस्तुस्थिती : शरीराला लागतात कर्बोदके, पुरेशी प्रथिने, मीठ आणि लोह. ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, बेसन, पालेभाजी, अंडी, ताक आणि आंबील यांत बरेचसे मिळते. दीड तासाहून लांब धावेत तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके लागतात. ती खजूर, गूळ, केळी यांतूनही घेता येतात. धावपटूंसाठी मिळणारे कर्बोदकांचे जेल वापरायचे असेल, तर ते सरावात आधी वापरून पाहावे. शर्यतीच्या आदल्या रात्री मात्र भाकरी आणि उसळीऐवजी वरण-भात बरा, कारण जास्त तंतूंमुळे सकाळी पोट बिघडू शकते. लोह अंगी लागायचे असेल, तर जेवणाबरोबर चहा टाळावा आणि लिंबू किंवा वरुड-मोर्शीचे संत्रे जोडीला घ्यावे. लोहाच्या गोळ्या तपासणीनंतरच घ्याव्यात.

गैरसमज ८ : सराव दोघांचा सारखा, म्हणजे थकवाही सारखा

वस्तुस्थिती : धाव संपल्यावर कोण काय करतो, यावर थकवा ठरतो. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २९९ मिनिटे, तर घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटे त्यासाठी देतात. पंचवीस किलोमीटर धावून आल्यावर एकाने वर्तमानपत्र घेऊन बसायचे आणि दुसरीने डबे, स्वयंपाक, मुलांची शाळा सांभाळायची, अशी रीत असेल, तर कागदावरचा सराव समान असूनही विश्रांती समान राहत नाही. दुखापती आणि सराव सुटणे यांची मुळे अनेकदा इथे असतात. लांब धावेच्या दिवसाचा स्वयंपाक, मुलांची जबाबदारी आणि दुपारची झोप हे सारे वेळापत्रकात धावेइतकेच स्पष्ट लिहिलेले असावे. मुले लहान असतील, तर दोघांनी आळीपाळीने पहाटा वाटून घ्याव्यात आणि आठवड्यातली एकच धाव एकत्र ठेवावी. ती सुद्धा जोडीनेच केलेली तयारी असते.

गैरसमज ९ : शेवटची रेषा हातात हात घालूनच ओलांडली पाहिजे

वस्तुस्थिती : तो आनंदाचा एक प्रकार आहे, नियम नव्हे. सोबत संपवायचे की आपापली वेळ साधायची, हे शर्यतीच्या आधी ठरवावे. तिसाव्या किलोमीटरनंतर साठवलेली ऊर्जा आटत आलेली असते, तेव्हा असा निर्णय नीट होत नाही. सोबत धावायचे ठरल्यास गती सावकाश धावणाऱ्याची ठेवावी. वेगळे धावायचे ठरल्यास भेटण्याची जागा आणि एकाने शर्यत सोडल्यास काय करायचे, हे पक्के असावे. आजारी सोबत्याला केवळ पदकासाठी पुढे रेटणे धोक्याचे आहे. छातीत दुखणे, चक्कर येणे किंवा ताप असणे यांपैकी काहीही असेल, तर शर्यत तिथेच थांबवावी.

चाळिशी ओलांडलेल्यांनी आणि मधुमेह, रक्तदाब किंवा घरात हृदयविकाराचा इतिहास असलेल्यांनी तयारीआधी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी, आणि ती दोघांनीही करावी. गती आपापली, वेळ दोघांची आणि घरकाम वाटून घेतलेले, एवढे जमले तर वऱ्हाडातल्या कोणत्याही निरोगी जोडप्याला लांब पल्ल्याची शर्यत आवाक्यातली आहे.