ई-चलान आले, पुढे काय?

मोबाईलवर दंडाचा संदेश आला की घाईने त्यातल्या लिंकवर बोट ठेवू नका. अशा नावाखाली फसवणूक सर्रास होते. महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या अधिकृत ई-चलान संकेतस्थळावर गाडीचा क्रमांक आणि चासी किंवा इंजिन क्रमांकाचे शेवटचे चार अंक टाका. चलान खरे असेल तर ठिकाण, वेळ, कलम आणि बहुधा छायाचित्रही दिसेल. नंबरप्लेट आपलीच आहे ना, हे नीट पाहा.

चूक मान्य असेल तर तिथेच दंड भरून पावती जपून ठेवा. मान्य नसेल तर भरू नका. मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम २०० खाली दंड भरणे म्हणजे तडजोडीने प्रकरण मिटवणे. आधी पुराव्यासह ऑनलाइन तक्रार करा. तिथे दाद मिळाली नाही तर न्यायालयात बाजू मांडण्याचा हक्क तुम्हाला आहे.

प्रकरण न्यायालयात गेले की ‘ई-कोर्ट्स’ संकेतस्थळावर जिल्हा आणि न्यायालय निवडून पक्षकाराच्या नावाने किंवा खटला क्रमांकाने शोधा. प्रत्येक खटल्याला सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक असतो. तो हाती असला की पुढची तारीख लगेच कळते. आदेशाची प्रमाणित प्रत हवी असेल तर त्याच न्यायालयाच्या नक्कल विभागात खटला क्रमांक आणि आदेशाची तारीख लिहून अर्ज द्या.

समन्स मात्र कधीही दुर्लक्षित करू नका. दंडापेक्षा वॉरंटचा ताप मोठा असतो.